गव्हाणीतला नंदी

बाबा गेल्याची बातमी आमच्या नातेवाइकांच्या आधी सातवी ‘ब’च्या पालकांना कळली. झालं असं, की दिवाळीनंतरच्या त्या सकाळी आईने घाबरून बाबांचाच मोबाइल उचलला, समोर जे दिसलं त्यावर बोट दाबलं आणि बोलली, “वैशू, हे उठून नाही राहिले वं... लवकर फोन कर.” निरोप माझ्यासाठी होता, पण गेला तो शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर. मी पुण्यात डबा भरत होते आणि तिकडे नागपुरात सातवी ‘ब’तल्या एका मुलीचे डॉक्टर वडील घरच्याच कपड्यांत गाडी काढून आमच्या दारात हजर झाले होते. त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाबा झोपेतच गेले, कुणालाही न उठवता. शेजारीपाजारी जमेपर्यंत ते डॉक्टर आईजवळ बसून राहिले. संध्याकाळी मी घरी पोहोचले तेव्हा बाबांचा फोन उशीजवळ टुणटुणत होता. उघडून पाहिला तर जोडलेल्या हातांच्या रांगाच रांगा. आणि त्या रांगांमध्ये एका गृहस्थांनी, बहुधा या वर्षीच मुलीला शाळेत घातलेल्या, अगदी अदबीने विचारलं होतं : ‘फार वाईट झालं. पण हे नेमके कोणत्या मुलीचे वडील?’

रडता रडता मला हसू फुटलं. प्रश्न रास्त होता. बाबांची मुलगी सातवी ‘ब’मध्ये नव्हतीच. त्यांची एकुलती एक मुलगी म्हणजे मी, आणि मला ती शाळा सोडून इतकी वर्षं झाली की आता केसांना दर महिन्याला मेंदी लागते. त्या गृहस्थांना त्या दिवशी कुणी उत्तर दिलं नाही. माझ्याच्यानेही झालं नाही. चार ओळींत मावणारं ते नव्हतं, म्हणून आता बसून लिहिते आहे.

माझे बाबा, मधुकर धकाते, उमरेडच्या विणकरांच्या घरातले. आजोबांचा माग होता, पण बाबांच्या उमेदीच्या काळापर्यंत मागावर घर चालेनासं झालं होतं. त्यांनी आयटीआय केलं आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर म्हणून लागले. नागपुरातल्या जुन्या वस्तीत, एका अरुंद गल्लीत आमचं घर. सकाळच्या पाळीला त्यांची बस पहाटे यायची, पण निघण्याआधी ते खिशातली तेलाची इवलीशी कुपी तपासायचे. ती कुपी त्यांच्याजवळ कायम असे. करकरणारी वस्तू त्यांना सहन व्हायची नाही. लग्नाला गेले तर आधी कार्यालयाच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालतील, मग अक्षता घेतील. माझ्या मामाच्या साखरपुड्यात ते पाहुण्यांच्या झोपाळ्याखाली उताणे पडून तेल घालताना सापडले होते. आईने तेव्हापासून त्यांना पांढरा शर्ट घालू देणं सोडून दिलं.

माझ्या शाळेची निवडही त्यांनी याच हिशेबाने केली. आमच्याकडे के.जी.लासुद्धा कॉन्व्हेंटच म्हणतात, गल्लीगल्लीत कॉन्व्हेंट असतं. पण ही खरी, सिस्टर लोकांची, मुलींची शाळा. आई बिचकली होती. आपल्या घरात इंग्रजीचा गंध नाही, पोरीला तिथे कोण विचारणार? बाबा अर्ज आणायला म्हणून गेले आणि परत आले ते पक्कं ठरवूनच. “एवढं मोठं लोखंडी गेट हाय,” ते म्हणाले, “पण उघडताना आवाज म्हणून नाई. जे लोक गेटकडं एवढं लक्ष देते, ते पोरीकडं देतीनच ना वं?” या एका मुद्द्यावर माझं शिक्षण इंग्रजीतून झालं.

त्या गेटपाशी रोज सकाळी सिस्टर लिनेट उभ्या असायच्या. त्या आमच्या मुख्याध्यापिका. मूळच्या केरळच्या, उंच, सडपातळ. वर्गात त्यांची नुसती सावली दिसली तरी आम्ही ताठ बसायचो. त्यांचं मराठी मात्र त्या कुठल्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. गेटवर मुलींना सोडायला येणाऱ्या आयांकडून ऐकून ऐकून शिकल्या होत्या. त्यामुळे प्रार्थनेत त्यांचं इंग्रजी अगदी कडक इस्त्रीचं आणि गेटवर मात्र, “काहून वं, आज पुन्हा उशीर? मायनं उठवलं नाही का तुले?” बाबांना हे फार आवडायचं. “बाई आपल्याच हायेत,” असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर करून टाकलं होतं.

मी सातवीत असताना ती गोष्ट घडली. डिसेंबरात शाळेच्या हॉलमध्ये ख्रिसमसचा देखावा व्हायचा. गोठा, गवत, हिरव्या रंगवलेल्या भुशाची टेकडी, गव्हाणीत बाळ येशू, भोवती मेंढपाळ, उंटांवरचे तीन राजे. तो उभारायचं काम दरवर्षी सातवी ‘ब’कडे असे. त्या वर्षी ट्रंक उघडली तर प्लॅस्टरचा बैल तीन पायांचाच निघाला. चौथा पाय कधी गेला कुणास ठाऊक. सिस्टरनी वर्गात येऊन विचारलं, कुणाच्या घरी खेळण्यातला बैल आहे का? मी हात वर केला. आमच्या घरी बैल होता.

आता नागपूरकराला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, पोरासोरांचा पोळा. लाकडाचे नंदी सजवून, दोरीने ओढत मुलं घरोघर जातात आणि बोजारा मिळवतात. कुणी खाऊ देतं, कुणी नाणी. बाबांनी माझ्यासाठी नंदी स्वतः घडवला होता, सागवानी, पांढराशुभ्र रंगवलेला, शिंगांना बेगड, गळ्यात पितळी घुंगरं. पाठीवर झूल होती ती आजोबांच्या मागावरच्या शेवटच्या लुगड्याच्या काठाची. आणि उंची? माझ्या कमरेला लागायचा. शिवाय बाबा फिटर. गल्लीतल्या सगळ्यांचे नंदी लाकडी चाकांवर खडखडत जात आणि आमचा पाण्यावर चालल्यासारखा जाई, कारण बाबांनी त्याच्या चारही चाकांना बॉल बेअरिंग बसवले होते.

हा नंदी दुसऱ्या दिवशी स्कूटरवर बाबांच्या दोन पायांमध्ये उभा राहून शाळेत आला. सिस्टर लिनेट त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. देखाव्यातला सेंट जोसेफ वीतभर उंचीचा. तो नंदीच्या गुडघ्याशीसुद्धा पोचत नव्हता. बाळ येशू तर त्याच्या एका शिंगात मावला असता. वर आईने निघताना सवयीने त्याच्या कपाळाला कुंकू लावलेलं. मी मान खाली घातली. सिस्टर म्हणाल्या, “मिस्टर धकाते, हा जरा... मोठा आहे.”

“मोठ्या जातीचा हाय सिस्टर,” बाबा म्हणाले. “आणि लेकरू उघड्यावर निजलं हाय. थंडी हाय. मोठा बैल असला तं ऊब जास्त भेटते.”

सिस्टरनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या उघड्या बाळाकडे पाहिलं. मग स्वतःच वाकून गवत सारलं आणि टेकडीच्या माथ्यावर जागा केली. मी कुंकू पुसायला रुमाल काढला तर म्हणाल्या, “राहू दे वं. घरून आला आहे तो.”

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. पहिल्या रांगेत मोठे फादर पाहुणे म्हणून बसलेले, मागे पालक. गाणाऱ्या मुली फळ्यांच्या स्टेजवर ओळीने चढल्या आणि सगळ्यात हळू, सगळ्यात शांत असं जे गाणं असतं ते सुरू झालं. दिवे मंद केले होते. आणि त्या शांततेत घुंगरं वाजली. फळ्या हलल्या होत्या, टेकडीला उतार होता आणि बाबांचे बेअरिंग उत्तम होते. नंदी निघाला. आधी सावकाश, मग वेगाने. एक मेंढपाळ गेला, तीन राजे उंटांसकट आडवे झाले, आणि नंदी टेकडी उतरून, स्टेजवर चढायला पुढे लावलेल्या उतरत्या फळीवरून थेट फादरांच्या बुटांपाशी येऊन थांबला. गाणं बंद पडलं. मी सिस्टर लिनेटकडे पाहायची हिंमत केली नाही. तेवढ्यात पालकांमधून माझ्या बाबांचा अभिमानाने भरलेला आवाज आला, “बेअरिंग टाकले हायेत ना बापा त्याले!”

फादर पहिले हसले. मग सगळ्या हॉलमध्ये हशा पिकला. आणि सिस्टर लिनेट, ज्यांचे दात आम्ही कधी पाहिले नव्हते, तोंडाला रुमाल लावून भिंतीकडे वळल्या, त्यांचे खांदे हलत होते. नंतर त्यांनी बाबांना ऑफिसात बोलावलं तेव्हा मला वाटलं, आता माझं नाव कमी होणार. बाबा बाहेर आले ते खुशीत. “पुढल्या वर्षी पण आणा म्हणे. फक्त ब्रेक लावून.”

ब्रेक म्हणजे एक पाचर. आजोबांच्या मागाचा एक तुटका धोटा घरात होता, सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी धोटा. बाबांनी त्याचं टोक कापून, घासून चाकाखाली बसेल अशी पाचर केली. झुलीच्या आतून आईने तिच्यासाठी एक कप्पा शिवला. आणि तेव्हापासून आमच्या नंदीची दोन घरं झाली. पोळ्याला तो आमच्या गल्लीत, डिसेंबरात शाळेत. डिसेंबरात स्कूटर निघाली की सिग्नलला थांबलेली मुलं त्याला हात दाखवत. गल्लीतले एक काका, ज्यांना दुसऱ्याच्या घरात डोकावून दोन घास खाल्ल्याशिवाय आपलं अन्न पचत नसे, त्यांनी एकदा विचारलंच, “काय गा मधुकर, तुहा बैल ख्रिश्चन झाला म्हणते?” बाबा स्कूटर न थांबवता म्हणाले, “दोन्हीकडं जेवते तो. तुह्यासारखाच!”

मी दहावी झाले, शाळा सुटली, नागपूर सुटलं. बाबांची शाळा मात्र सुटली नाही. दरवर्षी डिसेंबर आला की ते नंदीची चाकं उघडून ग्रीस भरत आणि निघत. सिस्टर लिनेटशी त्यांचा वाद ठरलेला असे. “बेथलहेमात बर्फ पडते का सिस्टर? मंग हा कापूस कायले?” सिस्टर म्हणत, “मले काय माहीत? मी केरळची.” नवा चौकीदार आला आणि त्याने गेटवर अडवलं, “कोणत्या मुलीचे पालक?” तर बाबा नंदीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “मी मुलीकडचा नाही. बैलाकडचा.” ज्या माणसाने उमरेडच्या नगरपालिकेच्या शाळेत दप्तराऐवजी पिशवी नेली, तो या शाळेला ‘आपली शाळा’ म्हणायचा आणि त्यात त्याला काहीच वावगं वाटायचं नाही. मला तर कधी कधी वाटायचं, शाळेत मी शिकले खरी, पण शाळेचं सुख भोगलं ते बाबांनी.

म्हणून एका वर्षीचा डिसेंबर त्यांच्या जिवाला लागला. सिस्टर लिनेट यांची बदली छत्तीसगडकडे झाली होती. नव्या प्रिन्सिपल सिस्टर नीटनेटक्या होत्या. त्यांनी फायबरचा नवा देखावा मागवला, सगळ्या मूर्ती एका मापाच्या, दिव्यांसकट. त्यांनी फोन करून बाबांचे आभार मानले आणि सांगितलं की या वर्षीपासून तसदी घेऊ नका. अतिशय सभ्य फोन होता तो. चाकं ग्रीस भरून तयार होती. बाबांनी नंदी उचलला, कपाटावर ठेवला, वर जुनी चादर टाकली. आई सांगते, त्या महिन्यात ते दिवसभर गल्लीतल्या सायकलींची चाकं उघडत बसायचे. आई म्हणाली, “रुसले काय?” तर म्हणाले, “मी कायले रुसू? बैलालेच वाईट वाटून राहिलं.” मी पुण्याहून फोन केला की शाळेचा विषय निघायचा नाही. मला तेव्हा त्या फायबरच्या मूर्तींचा असा राग आला होता की काय सांगू. बाबांना आयुष्यात फारसं काही मागताना मी पाहिलं नाही. वर्षातली एवढी एक फेरी होती, तीही गेली.

पण शाळेत तोवर एक गोष्ट होऊन बसली होती. आमच्या मागच्या-पुढच्या वर्गातल्या मुली आता आया झाल्या होत्या आणि त्यांच्या मुली त्याच गेटातून आत जात होत्या. ख्रिसमसला त्या आल्या, तो चकचकीत देखावा पाहिला आणि जानेवारीतल्या पालकसभेत अभ्यासाचं, बसचं, सगळं बोलून झाल्यावर एक जण उठली, “सिस्टर, बैल कुठे गेला?” मग दुसरी उठली. तिसरीने तर सांगितलं, “मी मुलीला घरून सांगून आणलं होतं की मोठा बैल दाखवते, ती रडत घरी गेली.” प्रिन्सिपल सिस्टरना काही समजेना, बैल तर आहे की, बसलेला! पुढच्या डिसेंबरात त्यांनी स्वतः फोन केला. “मिस्टर धकाते, या आया मला जगू देत नाहीत. प्लीज बैल आणा.” बाबांनी फोनवर आवाज गंभीर केला. “बैलाले विचारून सांगतो,” म्हणाले आणि फोन ठेवून कपाटाकडे असे धावले की आई ओरडली, “पडसान ना बापा!” त्याच वर्षी त्यांना सातवी ‘ब’च्या ग्रुपमध्ये घेतलं गेलं. दरवर्षी मुली बदलत, पालक बदलत, बाबा तेवढे कायम. ग्रुपवर ते रोज सकाळी गुलाबाचं चित्र पाठवत आणि कुणी सायकल करकरते म्हटलं की सल्ला देत.

या दिवाळीत आमची शेवटची भेट झाली. अंगणात वर्तमानपत्र पसरून ते नंदीला रॉकेलच्या फडक्याने पुसत होते. तान्ह्या पोळ्यात गल्लीतल्या पोट्ट्यांनी चिखलातून नेला म्हणे. मी फराळाची ताटली घेऊन शेजारी बसले. “बाबा, आता वजन उचलू नका, रिक्षाने न्या,” मी म्हटलं. “रिक्षानं?” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले. मग चाक बोटाने फिरवलं. ते फिरत राहिलं, फिरत राहिलं... आम्ही दोघं चकली खात ते थांबायची वाट पाहत बसलो. “पाहून राहिली ना? आवाज म्हणून नाही,” ते म्हणाले.

डिसेंबर लागला. शाळेतून फोन आला नाही. दुःखाच्या घरी कसं विचारावं, असं त्यांना वाटलं असणार. मी रजा वाढवून आईजवळच होते. एका दुपारी बाबांच्या फोनवर ग्रुपची सूचना आली : देखाव्याला गवत कुणी आणायचं, भुसा कुणी, आणि शेवटी, ‘बैल : धकाते.’ आईने चष्मा लावून ती वाचली. मग उठली, कुंकवाचा करंडा घेतला आणि नंदीच्या कपाळाला बोट लावलं. “जाय वं वैशू,” म्हणाली, “त्याची वेळ झाली.” मी कैक वर्षांनी स्कूटर हातात घेतली. नंदीला पायांत उभा केला. सिग्नलला एका मुलाने हात हलवला आणि मला रडू आलं, पण हिरवा लागला. गेटवर नवाच चौकीदार होता. “मॅडम, कोणत्या मुलीच्या पालक?” मी म्हटलं, “मी बैलाकडची.” त्याने गेट उघडलं. आवाज आला नाही.

सिस्टर लिनेट आता निवृत्त होऊन परत आल्या आहेत, शाळेमागच्या सिस्टर लोकांच्या कॉन्व्हेंटमध्ये राहतात. कार्यक्रमाच्या दिवशी चाकाच्या खुर्चीत बसवून त्यांना हॉलमध्ये आणलं होतं. मी नंदी टेकडीच्या माथ्यावर ठेवला, झुलीच्या कप्प्यातून पाचर काढली आणि चाकाखाली सरकवली. मागून आवाज आला, “काढ ते.” मी म्हटलं, “सिस्टर, घरंगळेल.” त्या म्हणाल्या, “मले माहीत आहे काय होईल ते. काढ.” आमच्या मुख्याध्यापिकेचं न ऐकण्याची हिंमत मला सातवीत नव्हती आणि आजही नाही. मी पाचर काढली आणि मुठीत धरून पालकांमध्ये जाऊन बसले.

मुली फळ्यांवर चढल्या. दिवे मंद झाले. तेच गाणं... आणि घुंगरं वाजली. नंदी निघाला. फायबरचे राजे प्लॅस्टरच्या राजांपेक्षा जास्त लांब उडाले. प्रिन्सिपल सिस्टर अर्ध्या उठल्या. नंदी टेकडी उतरून, स्टेज उतरून, बिनआवाजाच्या चाकांवर सरळ आला आणि चाकाच्या खुर्चीला हलकेच टेकून उभा राहिला. गाणं थांबलं. आणि तेव्हा सिस्टर लिनेट यांनी, आयुष्यभर आम्हाला हळू बोला म्हणून दटावणाऱ्या सिस्टरनी, नंदीच्या पाठीवर हात ठेवून असेल नसेल तेवढ्या आवाजात सांगितलं, “बेअरिंग टाकले हायेत ना बापा त्याले!”

सातवी ‘ब’च्या मुलींना काही कळलं नाही, पण त्या खदखदून हसल्या. त्यांच्या आया हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ खाली वाकले, पायाशी येऊन पडलेला एक राजा उचलला आणि कुणाला द्यावा ते न कळून मागे वळले. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून त्यांना हळूच काहीतरी सांगितलं. “ग्रुपवर मीच विचारलं होतं. म्हणजे ते... तुमचे वडील?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी तो राजा माझ्या हातात दिला, ज्या हातात पाचर होती त्याच.